बसून घेतलेलं माप

— नाही हं, मी मधे घुसलेली नाही. नंबराने आलेय मी. बाकावर दोघी माझ्या आधीच्या होत्या, त्या झाल्या, मग मी — आणि माझ्यामागे अजून दोघी बसल्यात, एक ती पोहायला शिकवणारी आणि एक जाडसर काकू, जिने मला बघितल्या बघितल्या विचारलं, 'कितवा?' म्हणजे आधी पोट, मग माणूस. मी म्हटलं, काकू, आधी कशी आहेस ते तरी विचारा. — हसलीस? नाही हसलीस? बरं, ओठांत टाचण्या धरल्यात म्हणून तसं दिसलं असेल. तर ऐक, मी गिऱ्हाईक म्हणून आलेय, लेक म्हणून नाही. लेकीशी तू बोलत नाहीस, ठाऊक आहे मला, कॉलेज सोडलं त्या दिवसापासून तुझं तोंड बंद आणि मशीन चालू. लग्नाला आलीस, कोपऱ्यात बसलीस, जेवलीस, गेलीस, एक अक्षर नाही. पण दुकानात आलेल्या बाईला तू कधी परत पाठवल्याचं मी बघितलेलं नाही, म्हणून म्हटलं, या दाराने जाऊन बघू. हवं तर अहो-जाहो करते. अहो शिंपीणबाई, पाजायची ब्रा शिवून हवी होती, माप घेता का? — बघ, भुवई उडाली! भुवईला बंदी नाही वाटतं.

काढते, काढते, ओढू नकोस. नववा लागलाय, आई, हात मागे न्यायचा म्हणजे मला आधी सगळं पोट पुढे ढकलून द्यावं लागतं. — हां. आता ही बघून ओरडायचं नाही. ओरडणार कशी म्हणा. बाजारातली आहे, हो. तार आहे आत, हो. मागे पुरेना म्हणून एका जुनीचा पट्टा कापून मधे जोडलाय, मीच जोडलाय, हाताने, गादीवर बसून. एवढा मोठा उसासा? शिंपिणीची लेक आणि टाका असा, हेच ना? अगं, टाके घालायला तू शिकवलंस कधी? 'तू अभ्यास कर, सुईला हात लावू नकोस.' नाही लावला. बघ मग आता. — ते वळ तारेचे आहेत. नाही, दुखत नाहीत. म्हणजे दुखतात, पण आता सवय झाली — कात्री कशाला? आई, कात्री कशाला घेतलीस — अगं! अगं कापलीस? ती एकच चांगली होती! चांगली म्हणजे, धुतलेली होती. आता मी घरी काय घालून जाऊ? गिऱ्हाइकाच्या मालाची अशी वाट लावतात का? तक्रार करीन मी. कुणाकडे करणार, दुकानाची मालकीण तूच.

स्टुलावर बसू? हो हो, माहितीये. पोटुशीचं माप तू बसवून घेतेस. उभ्याने घेतलेलं खोटं, पाजायला बाई काही उभी राहणार नाही, बसणार, बसली की पोट वर सरकतं, बरगड्या रुंदावतात आणि उभ्याने छान बसलेली ब्रा श्वास घेऊ देत नाही. पडद्याच्या त्या बाजूला वह्या घेऊन बसायचे ना मी, हेच ऐकत मोठी झालेय. इतिहासातला एक राजा आता आठवत नाही, पण हे सगळं पाठ. तू बोलायचीस तेव्हा. बाकी बायांशी.

तुला सांगते, आमच्या घरी — लिफ्टवाल्याच्या घरी, हो, तोंड वाकडं करू नकोस, नवरा आहे तो माझा. दिवसभर लोकांना वर नेणारी यंत्रं दुरुस्त करतो बिचारा, तुझ्या मनात मात्र अजून तळमजल्यावरच उभा आहे, बटण दाबत. तर त्याच्या आईला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, माझ्या छातीबद्दल मत आहे. वाईट नाहीत त्या, भांडत नाहीत, पण मत आहे. कुणाला नाही? पोट दिसायला लागल्यापासून माझी छाती म्हणजे सार्वजनिक नळ झालाय, येणारा-जाणारा विचारतो, पाणी येईल ना? सासूबाई म्हणतात घट्ट बांधून ठेव, दिवसा आणि रात्री, नाहीतर ओघळेल. त्यांनी स्वतःच्या जुन्या काढून दिल्या, लिफ्टवाला जन्मला तेव्हाच्या, त्यांची इलॅस्टिकं इतकी वाळलीत की ताणलं की कुरकुर आवाज येतो. आणि मोठी मावशी — तुझी बहीण, तीच, फोन ठेवत नाही ती — ती म्हणते काहीच घालू नकोस, आणि आंघोळ झाली की खरखरीत टॉवेलने बोंडं घास, रोज घास, म्हणजे कातडी निबर होईल. निबर! मी काय टाच आहे? शेजारच्या आजी म्हणतात, घासू नको, ओढ, चिमटीत धरून ओढ. एकीने ऐकून दुसरीला सांगितलेलं, दुसरीने तिसरीला, आणि शेवटी सगळं येऊन माझ्या अंगावर. ज्यांनी आयुष्यात स्वतःची छाती उजेडात बघितली नसेल त्या सगळ्या माझ्या छातीच्या मुखत्यार!

दवाखान्यात नर्स आहे, माझ्याहून थोडीच मोठी असेल, तिने सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाली, घासायचं नाही, ओढायचं नाही, उगाच ओढत बसलात तर कळा लागतील वेळेआधी. साबण लावायचा नाही तिथे, साधं पाणी पुरे, कातडीचं स्वतःचं तेल असतं ते राहू द्या. आणि घट्ट तर अजिबात बांधायचं नाही, नंतर दूध आलं की दबून साचतं, गाठी होतात, ताप भरतो. मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तर म्हणतात, आमच्या वेळी कुठे होत्या नर्सा? मी म्हटलं, तुमच्या वेळीही होत्या, तुम्ही ऐकलं नसेल. — झालं. दोन दिवस आमटीत मीठ नाही. मला माहितीये, मी बोलते. तू गप्प राहून जे करतेस ते मी बोलून करते, निकाल एकच.

आणि एक सांगू का? हसायचं नाही. परवा सकाळी उठले तर चादरीवर डाग, पिवळसर, चिकट. माझ्या पोटात गोळाच आला — पोटात आधीच एवढा मोठा असून. वाटलं आत काहीतरी फुटलं. चादर काढली आणि धुतली, लिफ्टवाला म्हणतो काय झालं, मी म्हटलं चहा सांडला. तो म्हणतो, झोपेत? मी म्हटलं हो, झोपेत. त्याने बिचाऱ्याने जाऊन बघितलं, कप कुठे आहे. मग नर्सने सांगितलं की चीक आहे तो, काहीजणींना आधीच येतो, पुसायचा आणि कामाला लागायचं. एवढंच. एवढंसं कुणीतरी आधी सांगितलं असतं तर — पडली! टाचणी पडली तुझ्या तोंडातली! हसलीस तू आता, नाही म्हणू नकोस. तिकडे, पायाशी आहे बघ. मला वाकता येत नाही, तूच उचल.

हात वर. हं. — आई ग, टेप गार आहे! आधी खालचा घेर, मग वरचा. आकडा मोठ्याने सांगणार नाहीस, माहितीये, आकडा ऐकला की बायका दम कोंडून धरतात आणि माप बिघडतं. पट्टा सगळ्यांत बाहेरच्या हुकावर बसेल असा ठेवणार, बाळंत झाल्यावर बरगड्या मिटत जातात तसा एकेक हूक आत घ्यायचा. बरोबर? पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. बरोबर? बघ, तुझं दुकान चालवू शकेन मी, फक्त शिवणं तेवढं येत नाही. पण तुला एक गंमत कळली का? माझं माप तू आज पहिल्यांदा घेतेयस. हो. आठवून बघ. अख्ख्या गावातल्या बायका या स्टुलावर बसून गेल्या, त्या पोहणाऱ्या बाईचा डावा खांदा उजव्याहून खाली आहे हे तुला पाठ आहे, आणि माझं कधी घेतलंच नाहीस. पहिली शिवलीस ती दारातून आत टाकलीस, 'घाल, बसेल.' तुझ्याच मापाची होती, बाजूने थोडी आत घेतलेली. नाही बसली, आई. खांद्यावरून घसरायची, काखेत टोचायची. मी सांगितलं नाही, कारण तुझ्या हातची म्हणजे बसायलाच हवी, नाही बसली तर खोट माझ्या अंगात. कॉलेजसुद्धा तसंच होतं. औषधांचं दुकान तुला काढायचं होतं. पांढरा कोट तुला घालायचा होता. आणि दारातून आत मला टाकलंस, घाल, बसेल. तिसऱ्या वर्षापर्यंत मी खांदे आवळून चालले, मग काढून फेकलं. आणि तू असं तोंड केलंस जणू मी अंगावरचं सगळंच काढून रस्त्यावर — बरं. बरं बाई. भाषण बंद. श्वास सोडते, तू माप घे.

आता काय? तळहात का घालतेस टेपच्या आत — हां, कपात तेवढी जागा सोडायची. दूध उतरल्यावरची. बघ म्हणजे, ज्याचा अजून पत्ता नाही त्याच्यासाठी तू जागा धरतेस, आणि समोर बसलेल्या माणसाला — गप्प बसते. गप्प. अस्तर सुती लाव, मऊ, आणि पुढची झडप एका हाताने उघडेल अशी कर, दुसऱ्या हातात ते असणार ना. असल्या बाजारातही मिळतात, खरं तर. काल बघितल्या मी. चांगल्या होत्या. तार नाही, पुढून उघडणाऱ्या, स्वस्त. घेऊन टाकता आल्या असत्या. — अशी बघू नकोस. मग का आलीस, असंच विचारतेयस ना? तुझं काम चांगलं असतं म्हणून आले. बस. दुसरं काही कारण नाही. या रस्त्याने जात होते, पाय दुखले, दुकान उघडं दिसलं.

काय बघतेस? तिथे काय बघतेस, टेप सोडून? — दिसलं ना तुला. मला वाटलंच होतं तुला दिसेल, म्हणूनच तर आले — म्हणजे म्हणून नाही आले. सांगितलं ना, पाय दुखले. सपाट आहेत. बोंडं वर येत नाहीत. नर्सने दोन बोटांनी त्या काळसर वर्तुळाच्या कडेला दाबून बघितलं, तर बाहेर यायचं सोडून आत गेलं, गोगलगाईसारखं. मी म्हटलं, लाजतंय. ती हसली नाही. म्हणजे आधी हसली नाही, मग हसली. म्हणाली, घाबरायचं कारण नाही, बाळ काही नुसतं बोंड धरत नाही, तो सगळा काळा भाग तोंडभर धरतं, अशा कितीतरी जणी पाजतात. जन्मल्याबरोबर अंगाशी घ्यायचं, भुकेने रडून लाल व्हायच्या आधीच. आणि पहिले काही दिवस कुणीतरी जवळ बसायला हवं, धीर द्यायला, बाळाचं डोकं धरायला, घाई न करता. एवढंच, म्हणाली. मी मान डोलावत होते, हो हो, समजलं — आणि कानात मात्र तुझा आवाज. 'जन्मल्याबरोबर माझ्याकडून तोंड फिरवलंस.'

आठवतं ना? न आठवायला काय झालं, तुझं आवडतं वाक्य. गणितात नापास झाले तेव्हा तेच. त्या बँकवाल्या स्थळाला नाही म्हटलं तेव्हा तेच. कॉलेज सोडून घरी आले, पिशवी ठेवली, तेव्हा तू शेवटचं बोललीस तेही तेच — 'अंगावर घेतलं तर तोंड फिरवलंस, बाटलीवर वाढलीस, तेव्हाच मला कळायला हवं होतं.' मग मशीन चालू. आणि आपली आजी तर होती तोवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, ही पोर जन्मतःच हट्टी, आईला झिडकारलं हिने. गंमत सांगू? मला त्याचा तोराच होता. मैत्रिणींना सांगायचे, मी जगात आले तीच नाही म्हणत! आता रात्री हे आतून लाथ मारतं आणि मला वाटतं, हेही फिरवणार. का नाही फिरवणार? मी फिरवलं. आणि मी तुझ्यासारखी वीस-बावीस वर्षं त्याला ते ऐकवत बसणार, आणि शेवटी तेही एक दिवस माझ्याकडे नंबर लावून येणार, गिऱ्हाईक म्हणून.

म्हणून मी नर्सला विचारलं. सहज विचारलं, पर्स उचलता उचलता — काय हो, बाळ आईला नाही म्हणतं का? ती म्हणाली, त्याला कसलं आलंय हो आणि नाही? त्याला धरायला मिळालं नाही की ते डोकं इकडून तिकडे फिरवतं. बघणाऱ्याला वाटतं तोंड फिरवलं. ते शोधत असतं. — असं म्हणाली. शोधत असतं. मग म्हणाली, हे असं सपाट असणं एकेका घरात आईकडून लेकीकडे येतं, तुमच्या आईंना विचारा. आईंना विचारा! तिचं काय जातंय सांगायला, तिची आई बोलत असेल तिच्याशी.

तर विचारते. लेक म्हणून नाही, तशीच, माप देता देता. मी खरंच तोंड फिरवलं होतं का ग?

— टेप का ठेवलास? झालं माप? रागावलीस. बरं, जाऊ दे, मी विचारलंच नाही असं समज. तू कापड बघ, मी कपडे घालते आणि — पडदा कशाला ओढतेस, ओढलेलाच आहे की. टाचण्या काढून ठेवल्यास म्हणजे बोलणार आहेस का? नाही? मग काय — अगं, तुझी बटणं का काढतेस? उकडतंय का? पंखा मोठा करू? आई. आई, बाहेर बाया बसल्यात. अगं हे काय, मला नको दाखवूस काही, मी काय तुझं माप घेणार आहे? वेडी आहेस का तू, या वयात —

थांब.

दोन्ही?

दोन्ही. अगदी — अगदी माझ्यासारखी.

आजीला माहीत होतं? — होतं. म्हणजे म्हातारी सगळं माहीत असून पाहुण्यांना सांगत बसायची, आणि तू तिथेच, चहाचे कप गोळा करत. किती वर्षांची होतीस तू तेव्हा? माझ्याएवढी? — लहान? माझ्याहून लहान? आणि जवळ कुणी बसलंच नाही तुझ्या. कुणी नर्स नाही, कुणी डोकं धरायला नाही, तू खोलीत एकटी, आणि मी अशी इकडून तिकडे — आणि बाहेरून ती ओरडतेय की पोरीला आई नकोय. आणि तू ते खरं मानलंस. नाही? खरं नव्हतं मानलंस? मग ग? मग माझ्यावर का ढकललंस? वा ग वा. सगळ्या बायकांची खोट झाकून शिवतेस आणि स्वतःची झाकायला तुला एवढंसं बाळच सापडलं! मी इतकी वर्षं हट्टी म्हणून मिरवतेय, आई. भांडणात पुढे, नाही म्हणायला पुढे, मी जन्मतःच तशी म्हणून. आणि मी नुसती भुकेली होते?

नको, रडू नकोस अशी. आवाज न करता रडू नकोस, त्याने मला जास्त राग येतो. मी रागावलेय तुझ्यावर. खूप रागावलेय, पण ते मी नंतर, नीट वेळ काढून रागावणार आहे. सरक जरा. या स्टुलावर दोघी नाही मावत, हे पोट — हां, अशी बस, खोक्यावर बस, जवळ. ऐक, हे येईल तेव्हा तू येशील? सासूबाईंना मी सांगेन काय ते. लिफ्टवाला तर बिचारा नाचेल. तुला काही बोलायला नको, माप घेताना बसतेस तसं नुसतं बसायचं आणि डोकं धरायचं, तुझे हात स्थिर असतात, माझे नाहीत, बघितलेस ना माझे टाके. — मान नको हलवूस नुसती. मान हलवलेली मला पुरत नाही.

काय?

काय म्हणालीस? मशीनचा आवाजही नाहीये आणि मला ऐकू नाही आलं, पुन्हा म्हण — कोण आहे? काकू, तुम्ही? नाही हो, वेळ लागेल अजून. नाही, काही झालेलं नाही, पडलं नाही कुणी, आत येऊ नका. येऊ नका म्हटलं ना! आज माप नाही घेणार ती. दोघीही घरी जा, उद्या या, परवा या, आणि जाताना ते बाहेरचं दार ओढून घ्या. ओढा नीट. अजून. — गेल्या.

हं. आता बोल.